फडक्याचं धुणं

आषाढात आई गुडघा दाखवायला आमच्याकडे कल्याणला आली. दुपारची जेवणं झाली, ती हॉलमध्ये दिवाणावर जरा आडवी झाली आणि लगेच उठून बसली.

"आज फरशी पुसलीय का रे?"

"पुसलीय की. सकाळीच मावशी पुसून गेल्या."

"मग हा वास कसला?"

मला काही येत नव्हता. रोज त्याच घरात राहणाऱ्याला तो येतच नाही. आईनं फरशीकडे पाहिलंही नाही. भिंतीला हात लावत ती गॅलरीत गेली, बादलीत उभा करून ठेवलेला मॉप उचलला, त्याचा गोंडा नाकाशी नेला आणि मग माझ्यापुढे धरला. ओलं गोणपाट, नासलेलं ताक आणि वरून फिनेल, असं काहीतरी. मी मान मागे घेतली.

"याच्यानं पुसता? अरे, हे पुसणं नाही, सारवणं झालं. कालची घाण आज घरभर."

आईच्या या बोलण्याला वजन आहे. १९९१ ते २०१८ अशी सत्तावीस वर्षं ती एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात सफाई कामगार होती. माझं कॉलेज, बहिणीचं लग्न, गावच्या पत्र्याच्या घरावर पडलेला स्लॅब, सगळं त्या पगारातून झालं. फरशी पुसणं या कामाबद्दल तिच्याइतकं जाणणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. आणि तिच्या मुलाच्या घरात मॉपचा असा वास यावा, याची मला त्या दुपारी खरंच लाज वाटली.

"बस खाली," ती म्हणाली. तिनं स्वतः प्लास्टिकचं स्टूल ओढून घेतलं. गुडघ्यामुळे तिला खाली बसता येत नव्हतं, म्हणून ती सांगत गेली आणि मी करत गेलो.

आमचा मॉप हल्ली सगळ्यांकडे असतो तसलाच, बादलीत गोल फिरवून पिळायचा. गोंड्यावर पाय ठेवून दांडा तिरका केला की गोंडा चकतीतून सुटतो. हे मला माहीत होतं, पण वर्षभरात तो मी एकदाही सोडवला नव्हता. सुटला तेव्हा आतली बाजू पहिल्यांदा दिसली. बाहेरचे धागे राखाडी होते, आतले मुळाशी काळे. चकतीच्या खोबणीत केसांचं वेटोळं इतकं घट्ट बसलं होतं की कात्रीनं कापून काढावं लागलं. त्यात वाळूचे कण, दोन तांदूळ, एक काडेपेटीची काडी आणि मुलीच्या जुन्या फ्रॉकवरची एक टिकली. बादलीतली जाळी उचलली तर तिच्या खालच्या बाजूला बुळबुळीत काळा थर. बोट फिरवलं तर बोटाला आला. रोज सकाळी या जाळीत आम्ही गोंडा गरगर फिरवायचो आणि तो स्वच्छ पिळला गेला असं समजायचो.

आधी नुसतं पाणी. आईचा पहिला नियम हाच, की साबण घालायची घाई करायची नाही. गोंडा बादलीत खळबळायचा, पाणी ओतायचं, पुन्हा घ्यायचं. पहिलं पाणी काळं, दुसरंही काळंच. सहाव्या बादलीला तळ दिसायला लागला. मग गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे, आणि गोंडा तासभर त्यात बुडवून ठेवायचा. धुण्याचा सोडा म्हणजे कपड्यांना वापरतात तो. ढोकळ्यात घालतो तो खाण्याचा सोडा त्याच्यापुढे फारच सौम्य. फरशीवरून गोंडा काय उचलतो? धुळीबरोबर तेलाचा अंश, पायांचा मळ, ओट्याखाली सांडलेली फोडणी. तेलकटपणा धुण्याच्या सोड्यानं सुटतो. शिवाय आमच्याकडे टँकरचं पाणी, तेही जड. जड पाण्यात साबणाचा नीट फेस होत नाही, त्याची राखाडी साय धरते आणि ती धाग्यांवर बसते. म्हणजे साबणानं धुऊनही गोंडा चिकट राहतो. सोड्यानं पाण्याचा जडपणाही उतरतो. हातात रबरी मोजे मात्र हवेत, कातडी सोलवटते.

या मधल्या तासात बायको चहा घेऊन गॅलरीत आली. तिनं मोबाईलवर पाहिलं होतं की व्हिनेगर आणि सोडा एकत्र टाकला की मॉप पांढराशुभ्र होतो. मीही ते ऐकलं होतं. दिसायलाही ते छान दिसतं, फेस उसळून बादलीच्या काठापर्यंत येतो. पण एक आम्ल आणि एक अल्कली एकमेकांना मारून टाकतात. हातात उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी, आणि फेस म्हणजे उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. दोघंही आपापल्या जागी कामाचे आहेत. सोड्यानं आधी तेलकटपणा काढावा, गोंडा खळबळून घ्यावा आणि मग हवं तर वेगळ्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून जड पाण्याचा पांढरा थर सोडवावा. एकामागून एक. एकत्र घातले तर दोन्ही वाया.

आईला हे रसायन असं सांगता येत नाही, पण तिला त्याचा क्रम पाठ आहे. "हायपो शेवटी," ती म्हणाली. दवाखान्यात सोडियम हायपोक्लोराइटला सगळे हायपोच म्हणतात. घरी आपण आणतो तो ब्लीच म्हणजे तेच. घाणीवर ओतला तर त्याचा जोर घाणीतच संपतो, जंतूंपर्यंत पोचायला काही उरत नाही. म्हणून आधी धुवायचं आणि धुऊन झाल्यावर सुती फडकं पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी ब्लीच घालून दहा मिनिटं ठेवायचं. सुतीच फक्त. आमच्या मॉपचा गोंडा मायक्रोफायबरचा, म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या जातीचे अगदी बारीक धागे. त्याला ब्लीच चालत नाही, उकळतं पाणी चालत नाही आणि कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड तर अजिबात नाही. त्या लिक्विडचा थर धाग्यांवर चढला की गोंडा पाणीच शोषत नाही. तो सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचा, भरपूर खळबळायचा आणि कडक वाळवायचा. स्वयंपाकघरातलं जुन्या बनियनचं फडकं होतं, हायपो त्याच्या वाट्याला आला.

इथं आईनं एकदम आवाज चढवला. "आणि हायपोत ते संडासाचं ॲसिड कधी पडू द्यायचं नाही. थेंबसुद्धा." तिच्या बरोबरीच्या एका बाईनं डाग लवकर निघावेत म्हणून दोन्ही एकत्र ओतलं होतं. बंद न्हाणीघर, छोटी खिडकी. क्लोरीनचा वायू सुटला. ती बाई खोकत खोकत बाहेर येऊन पडली आणि आठवडाभर तिचा घसा धरून होता. बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आणि कुणी काही सांगितलेलं नाही, तर माणूस काय करणार? आपल्याही न्हाणीघराच्या फळीवर त्या दोन बाटल्या शेजारीच असतात. जाऊन बघा.

आई नोकरीला लागली तेव्हा दवाखान्यात एक बादली आणि एक फडकं होतं. त्याच बादलीनं बाळंतिणींचा वॉर्ड, त्यानंच पुरुषांचा वॉर्ड, त्यानंच व्हरांडा. "दहाव्या खाटेशी पोचेपर्यंत पाणी कोऱ्या चहासारखं व्हायचं," ती सांगत होती. "सिस्टर म्हणायच्या, फिनेल वाढव. फिनेल वाढवून पाणी स्वच्छ होतं का?" नळ वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. बादली बदलायची तर तितकं चालायचं आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडायचं, काम सोडून कुठे चाललीस. म्हणून बायका बादली बदलत नसत.

२०१५ साली केंद्र सरकारची 'कायाकल्प' योजना आली, सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेला गुण मिळायला लागले आणि आईच्या दवाखान्यात प्रशिक्षण झालं. नोकरीच्या चोविसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा कुणीतरी खुर्चीवर बसवून फरशी पुसायला शिकवलं. तीन बादल्या: एकीत साबणाचं पाणी, एकीत साधं, एकीत जंतुनाशक. साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मॉप साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, पुन्हा पुढचा भाग. फरशी सुकली की जंतुनाशकाचा हात. साधं पाणी गढूळ दिसलं की ओतायचं, विचारायचं नाही. आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे यायचं, मॉप उचलायचा नाही, आठचा आकडा काढत मागे सरकायचं. ऑपरेशन थिएटरचा मॉप वेगळा, वॉर्डाचा वेगळा, संडासाचा वेगळा. आणि पाळी संपताना सगळे मॉप धुऊन, गोंडा वर करून उन्हात.

आईनं स्टुलावर बसल्या बसल्या हातानं हवेत आठचा आकडा काढून दाखवला. तिचा चेहरा मी पाहत होतो. "तोपर्यंत आम्हाला वाटायचं आमचेच हात कमी पडतात," ती म्हणाली. "ट्रेनिंगला कळलं, पाणी घाण होतं."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. चोवीस वर्षं.

वासाचंही तसंच आहे. आपण त्यावर फिनेल ओततो किंवा लिंबाच्या, गुलाबाच्या वासाचं काहीतरी. ओलसर कपड्यांना जो कुबट वास येतो त्यामागचा एक मोठा गुन्हेगार जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिला, मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू. कपड्यात राहिलेला मळ आणि ओल यांवर तो वाढतो आणि त्याच्यातून तो वास निघतो. म्हणजे पोसायला मळ हवा आणि राहायला ओल हवी. आमच्या गॅलरीत, बादलीत टेकून ठेवलेल्या पिळलेल्या गोंड्यात दोन्हींची सोय वर्षभर लावलेली होती. वर रोज झाकणभर सुगंध.

आजीच्या घरी शेणानं सारवलेली जमीन होती. तिथं या फडक्याला पोतेरं म्हणत. सारवायचं पोतेरं वेगळं, चुलीचं वेगळं. चुलीचं पोतेरं सारवणात गेलं तर आजी रागवायची. वापरून झालं की ते खळबळून न्हाणीच्या दगडावर पसरून ठेवलेलं असायचं. बादलीत लोळत पडलेलं पोतेरं मी तिच्या घरी कधी पाहिलं नाही. तरीसुद्धा भाषेत त्याला मान नाही. एखाद्याला हवं तसं वापरून टाकून दिलं की आपण म्हणतो, त्याचं पोतेरं केलं. केरसुणीचं बघा. तिला लक्ष्मी म्हणतात, पाय लागला तर हात जोडतात, लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून हळदकुंकू वाहतात. पोतेऱ्याला कुणी कधी हळदकुंकू वाहिलं नाही. केरसुणी कोरडा केर काढते. ओली घाण, सांडलेलं, ओकलेलं, लहान मुलांचं, आजारी माणसांचं सगळं पोतेरं अंगावर घेतं. तेच अंगावर घेतं म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, असं मला वाटतं.

आणि ज्याच्या हातात ते असतं त्याच्याकडेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. आमच्याकडे पाच वर्षं येतात. आईनं त्यांना आधी चहा दिला आणि मग हात दाखवायला सांगितला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, पांढरट, कडेनं लाल. पाच घरची फडकी, पाच बादल्या, सगळा पावसाळाभर. मी पाच वर्षांत ते हात बघितले नव्हते. चहाचा कप देताघेताना हात पुढे यायचा, तरी नाही.

"मॉप धुता का हो?" आईनं विचारलं. तिनं ज्या सुरात विचारलं त्यात दोष देणं नव्हतं, एका कामगारानं दुसऱ्याला विचारावं तसं होतं.

"कधी धुणार, काकू? साडेसातला इथं, सव्वाआठला तिसऱ्या मजल्यावर. पिळते आणि ठेवते. मागं दादांना म्हटलं होतं, गोंडा बदला म्हणून."

म्हणाल्या होत्या. मला आठवलं. मार्चमध्ये. मी "आणतो" म्हटलं होतं.

आपल्याकडे कामाचे पैसे ठरतात ते बाबीनुसार. केर-फरशीचे इतके, भांड्यांचे इतके, कपड्यांचे इतके. फरशीचे ठरवताना खोल्या मोजल्या जातात. त्या हिशेबात फडकं धुवायची दहा मिनिटं कुठेच नसतात. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, तो व्हायलाच हवा होता. पण कुणाच्या घरात किती मिनिटांचं काम आहे, हे अजूनही दारात उभं राहून, घाईत, एका बाजूच्या सोयीनं ठरतं. दवाखान्यातही आईला पुसण्याचा पगार होता. मॉप धुवायला ती पाळी संपल्यावर अर्धा तास थांबायची. तो अर्धा तास कुठल्याच वहीत नव्हता. आईचा हा मुद्दा मला पटला आहे आणि मी तो ठासून सांगतो: फडकं धुणं हा पुसण्याचाच भाग आहे. त्याला वेळ दिला नाही तर पुसलं असं म्हणता येत नाही, आणि तो वेळ ज्याचं घर त्यानं द्यायचा आहे.

गुडघ्याचंही इथंच सांगतो. डॉक्टरांनी आईला झीज सांगितली, शिवाय वाटीच्या पुढे जुनी सूज. गुडघे टेकून सतत काम करणाऱ्यांना वाटीपुढची पिशवी सुजते, इंग्रजीत या दुखण्याचं बोलीतलं नावच 'मोलकरणीचा गुडघा' असं आहे. स्पेनमध्ये बायका अशाच गुडघ्यांवर फरशा घासत. मान्वेल हालोन कोरोमिनास या हवाई दलातल्या इंजिनिअरनं १९५६ साली सारागोसामध्ये दांड्याचा मॉप आणि पिळायची बादली बाजारात आणली आणि त्याला तिथं फ्रेगोना म्हणतात. बाई उभी राहिली ती या दांड्यामुळे. आईच्या हातात दवाखान्यात दांड्याचा मॉप पडला तो नोकरीची बरीच वर्षं गेल्यावर. म्हणून, "आमच्या मावशी खाली बसून फडक्यानं पुसतात, तेच स्वच्छ होतं" असं कुणी कौतुकानं सांगितलं की मला आता ऐकवत नाही. कोपरे स्वच्छ होतात, खरं आहे. पण गुडघा कुणाचा जातो?

मावशींशी बोलून आम्ही असं ठरवलं. गोंडे तीन: एक खोल्यांना, एक बदली, आणि संडास-न्हाणीघराला वेगळ्या रंगाचा. बादल्या दोन, एक पुसायच्या पाण्याची आणि एक नुसती खळबळायची. दोन खोल्या झाल्या की पाणी बदलायचं. पुसून झाल्यावर गोंडा सोडवून बदली गोंडा लावायचा आणि वापरलेला तसाच न्हाणीघरात ठेवायचा, तो संध्याकाळी मी धुतो. रविवारी सोड्याचं पाणी, तेव्हाच जाळी आणि बादलीही घासायची. मावशींना रबरी मोजे आणि चिखल्यांचं मलम. पाणी बदलायला आठ-दहा मिनिटं जास्त जातात, त्याचे पैसे वाढवले. सहा महिन्यांच्या आसपास गोंड्याचे धागे चपटे पडून गुंततात, पाणी धरेनासे होतात. तेव्हा मावशींनी सांगायची वाट न बघता नवा.

सगळ्यात अवघड वाळवणं. आषाढ-श्रावणात कल्याणला कपडेच वाळत नाहीत, तर मॉप कुठला. दांड्याला लावलेला गोंडा खाली करून ठेवला की पाणी धाग्यांच्या टोकांशी साचतं. म्हणून तो सोडवून, झटकून, धागे मोकळे करून दोरीवर दोन चिमट्यांनी टांगायचा. ऊन नसेल तर रात्री पंख्याखाली. दोन गोंडे आलटून पालटून असले की प्रत्येकाला पूर्ण एक दिवस मिळतो आणि पावसाळ्यात तोच एक दिवस कामी येतो. नवा आणताना हेच बघावं, फार जाड गोंडा घेऊ नये. दुकानात तो भरगच्च दिसतो, पण आतून वाळत नाही. सुती फडक्यांना घरातल्या जुन्या बनियनी आणि झिजलेले पंचे उत्तम. जुन्या नायलॉनच्या साड्या कामाच्या नाहीत, त्या पाणी नुसतं पुढे ढकलतात.

पंधराव्या दिवशी आई गावी निघाली. त्या सकाळी तिनं पुन्हा दिवाणावर आडवं होऊन पाहिलं. काही बोलली नाही, पाच-सात मिनिटं डोळे मिटून पडून राहिली आणि मग बॅग भरायला उठली.

ती गेल्यावर दोन दिवसांनी मावशी दारात चपला घालता घालता थांबल्या. "दादा," त्या म्हणाल्या, "बाकीच्या घरीपण सांगा की. मी बोलले तर म्हणतील, मावशी काम वाढवतात."

त्यांच्या उरलेल्या चार घरांपैकी दोन आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत. तिसऱ्या मजल्यावर मी रविवारी जाऊन आलो, त्यांचा मॉप सोडवून दाखवला. त्यांनी त्याच दिवशी नवे गोंडे आणले. पाचव्या मजल्यावर उद्या जायचं आहे.